छाती क्रमांक एकेचाळीस

यवतमाळच्या मैदानावर मी पहिली आले,
त्या दिवशी मी घरी होते,
कांजिण्यांवर कडुलिंबाचा पाला फिरवत.
शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेले :
सुकेशिनी गवई, नववी ब, तीन हजार मीटर, प्रथम.
खाली कुणीतरी गुलाबाचे फूल काढले होते.

धावली होती रविता आडे.
सातवीतच दाखला काढून नेलेली,
विहिरीपासून तांड्यापर्यंत
डोक्यावर दोन गुंड, दिवसाच्या सहा खेपा.
एकदा तिची एसटी चुकली.
डोंगरदिवे सर त्याच एसटीत, मागच्या सीटवर.
फाट्यावर गाडी थांबली, म्हातारी उतरली, तिचे बोचके उतरले,
आणि कंडक्टरने घंटी मारायच्या आत
रविता दारात. चप्पल हातात.
सरांनी तिला तिकीट नाही विचारले. वय विचारले.

एकतीस वर्षे सर राखेने लेन आखत आले.
चुन्याचे पैसे यायचे, कुठे जायचे कोण जाणे;
राख रमजानभाईच्या भट्टीवरची, फुकट.
पहाटे पाचला आम्हाला डांबरी रस्त्यावर न्यायचे,
सायकलवर मागून, तोंडात शिटी, हातात बॅटरी.
परवानगी? तीही नव्हती.
ते सगळे नंतर आरोपपत्रात आले, क्रमांक दोन ते पाच.

क्रमांक एक मी होते.
खिडकीतून त्यांनी विचारले होते,
"तुयं नाव देतं का व पोरी, दोन घंट्यासाठी?"
कंपासपेटी द्यावी तसे मी दिले.

दुसऱ्या आलेल्या मुलीच्या मामाने तक्रार केली.
त्याचे काय चुकले?
ती मुलगीही पायाला फडकी बांधून धावली होती.

जीपमधून दोघे आले.
"तूच धावलीस?"
"हो."
"मग धावून दाखव."

आमच्या मैदानाच्या पंधरा फेऱ्या.
सरांना लिंबाखाली खुर्ची दिलेली,
बोलायचे नाही अशी ताकीद.
मला ठाऊक होते, आज माझेच पाय साक्ष देणार.
मी सरांसाठी धावले, खोटे खरे व्हावे म्हणून धावले,
सहाव्या फेरीला बरगडीत सुरी,
नवव्या फेरीला समोर नुसते पिवळे.
आणि लिंबाखालून आवाज :
"खांदे खाली! मुठी सोड!"
"गुरुजी, तुम्ही बोलू नका."
पुढच्या फेरीला पुन्हा :
"पोटातून श्वास घे व माय, पोटातून!"

"चौदा सव्वीस," साहेब म्हणाले.
फाइल उघडली. नोंद : अकरा मिनिटे दोन सेकंद.
पेनाचे टोपण निघाले.
मी गुडघ्यांवर हात ठेवून मातीत थुंकत होते,
थुंकीत तांब्याची चव.
सर खुर्चीवरून उठून आले,
चेहऱ्यावर असा आनंद
जणू त्या दोघांनाही तो वाटून द्यायचा आहे.
"साहेब, पंधराच्या आत आली.
आजवर कधी नव्हती आली!"
साहेबांनी आकडा लिहिला.
मग का कोण जाणे, त्याखाली रेघ ओढली.

दोन वेतनवाढी बंद.
मैदानावर पाय ठेवण्यास मनाई,
निवृत्तीला चौदा महिने बाकी असताना.
माझे प्रमाणपत्र रद्द; त्याचे मला काही नाही,
ते कधी माझे नव्हतेच.
पदक परत मागितले.
हरवले, असे सरांनी लिहून दिले,
पगारातून दोनशे चाळीस रुपये कापले गेले.

यंदा तान्ह्या पोळ्याला
रविताचा धाकटा भाऊ लाकडी बैल ओढत आला.
बैलाच्या गळ्यात घुंगरांच्या जागी ते.
वाजत नव्हते, नुसते चाकावर आपटत होते.
सर पानठेल्याजवळ उभे होते.
त्यांनी बैलाकडे पाहिले,
मग नजर वळवली,
आणि बक्षिसासाठी धावत सुटलेल्या
पोरांच्या टाचांकडे
बराच वेळ बघत राहिले.